फिंगर चिप्सची आणेवारी

भिंगार,
५ नोव्हेंबर १९७३

तीर्थरूप आबा,

पाया पडते. नमस्कार झाला, आता ऐका, कारण आज मी भांडायला बसले आहे.

परवा तुम्ही दातांच्या डॉक्टरकडे नगरला आलात. हिरड्या भरून आल्या, कवळीचं माप घेतलं, सगळं बरं झालं. पण पहाटेच्या एसटीनं निघालेला माणूस, त्याच्या पोटात दिवसभर काय गेलं? तोंडात एकही दात नाही आणि आईनं फडक्यात बाजरीची भाकरी बांधून दिली! आमच्या ओट्यावर बसून तुम्ही ती फिरकीच्या झाकणाच्या तांब्यातल्या पाण्यात भिजवून चोखत होतात. पाणीसुद्धा माळवाडीच्या विहिरीचं, घरून आणलेलं. आत चुलीवर मी मऊ भात टाकला होता, साय काढून ठेवली होती. तुम्ही गेल्यावर तो भात मी म्हशीवाल्याच्या रेडकाला घातला.

मला नेम माहीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, पाणी घ्यायचं नाही. आजोबांनी पाळला, तुम्ही पाळता. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यावर मी आता काय बोलू? पण उपाशी माणूस ओट्यावर बसलेला मला बघवत नाही.

म्हणून एक तोड काढली आहे. तुमच्या जावयांनी छावणीतल्या मेसची नोकरी सोडली हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता ते नगरात हॉटेल गुलबहारमध्ये आचारी आहेत. हॉटेल म्हणजे काही माझं घर नव्हे. तिथं ते फिंगर चिप्स करतात. बटाट्याचे बोटाएवढे लांब तुकडे करून तळायचे, वर मीठ. मेसमधले साहेब लोक ताटंच्या ताटं खायचे. आतून मऊ असतात, हिरड्यांनीही चावतील. पुढच्या खेपेला डॉक्टरकडून निघून थेट तिथं जा, पोटभर खा, मग माझ्याकडे या. नाही म्हणालात तर मी आईला लिहीन.

तुमची,
विजयमाला

---

माळवाडी, ता. श्रीगोंदा,
१३ नोव्हेंबर १९७३

चि. सौ. विजूला आबाचा आशीर्वाद.

भांडलीस ते बरं केलंस. पत्र वाचून दाखवलं तर तुझी आय म्हनली, पोरगी बापावर गेली. मी म्हनलो, भांडायच्या बाबतीत आयवरच गेली. मग दोन दिस मला चा मिळाला न्हाई.

हाटेलाचा इचार केला. एकट्यानं न्हाई, पारावर बसून केला. पुंजाराम गुरव म्हनला, जावई तिथं शेठचा चाकर. चाकरानं शिजवलं ते शेठचं झालं, आन शेठ काय आबासाहेबाचा सोयरा न्हाई. तवा पैसं टाकावं आन खावं. लगीच राधाकृष्ण आडवा आला. म्हनला, पन कढईत तेल जावयानं वतलं तर? त्यावर दिवस मावळला. शेवटाला पुंजारामच वरचढ ठरला, कारन राधाकृष्णाला म्हशीची धार काढायची हुती.

तवा येतो. पन एक अट हाय, नीट ध्यानात धर. तू त्या हाटेलात पाय टाकायचा न्हाई. वाढायला न्हाई, करायला न्हाई, बघायला बी न्हाई. लेकीच्या हातचं म्हंजी लेकीच्या घरचंच, मग ते हाटेल असू दे न्हाईतर देऊळ.

आन जावईबुवांना, गोरक्षरावांना सांग, खाल्ल्यावर मी खरं काय ते बोलनार. इतकी वर्सं तलाठ्यासंगं आनेवारीला बांधावर उभा ऱ्हातोय. उभं पीक बघायचं आन सांगायचं, सोळातलं किती आनं पिकलं. भावकीच्या रानाला कधी एक आना चढवून सांगितला न्हाई की उतरवून न्हाई, त्यापायी चुलतभाऊ दोन वर्सं बोलत नव्हता. जावई म्हनून मोकळीक मिळनार न्हाई. बटाटा आमच्याकडं भाजीत जातो न्हाईतर उपासाला. त्याची बोटं करून साहेबाला खाऊ घालत्यात, ही तऱ्हा तरी बघू.

आबा

---

भिंगार,
१७ नोव्हेंबर १९७३

तीर्थरूप आबा,

पाया पडते. कार्डावर जागा कमी आहे. अट मान्य. मी घरी बसेन, हॉटेलाच्या बाजूला तोंडसुद्धा करणार नाही. तुमची आणेवारी ऐकून जावई हसले. म्हणाले, कर्नलसाहेबांनी पाठ थोपटली होती माझी, तुझ्या आबांना काय भितोय! शनिवारी वाट बघते. तिथला टोमॅटोचा सॉस खाऊन बघा, तो बाटलीतून येतो.

विजयमाला

---

माळवाडी,
२८ नोव्हेंबर १९७३

चि. सौ. विजूला आशीर्वाद.

सहा आनं.

आता इस्कटून सांगतो. जागा झकास हाय. टेबलाला काच, भिंतीला आरसा, आरशात मी. बिनदाताचा आन फेट्याचा. पोऱ्यानं बशी आनून ठेवली आन शेजारी एक काटा ठेवला. म्हनलं, ह्यो कशाला? काय टोचायचं हाय? तर म्हनतो, याच्यानं खायाचं. आरं, बोटासारखी वस्तू, ती बोटानं नको व्हय खायाला? मी हातानंच खाल्ली. पलीकडं एक पॅंटवाला काट्यानं खात हुता, तो बी माझं बघून हातावर आला.

रंग बरा. पन वरनं करपट आन आत कच्चं, बांधावरच्या कनसावानी. हिरडीला टोचतंय. चार बोटं लांब तर चार आखूड, मग ल्हान ती जळनारच की. मीठ एका अंगाला सगळं, दुसऱ्या अंगाला नावाला बी न्हाई. आन बटाटा नवा हाय, नव्या बटाट्यात पानी लई, तो तेलात गेला की मऊच पडनार. ते तांबडं बाटलीतलं मी चाखलं. ताप आल्यावर डाक्टर देतो तसलं गोड औषध हाय, त्याचं मी काय सांगत न्हाई.

पन पोट भरलं. खोटं बोलनार न्हाई, पहिल्यांदाच नगरातनं पोटभर घरी गेलो. जावयांना राग येऊ देऊ नको. सहा आनं म्हंजी पीक बुडालं असं न्हाई. दुष्काळात आमच्या शिवाराला चार बी देता आलं नव्हतं.

आबा

---

भिंगार,
४ डिसेंबर १९७३

तीर्थरूप आबा,

पाया पडते. राग येऊ देऊ नको म्हणे! घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं होतं. तुमचं पत्र यांनी मोठ्यानं वाचलं, मग मनात वाचलं, मग घडी घालून खिशात ठेवलं. रात्री जेवताना एकदम म्हणाले, "बांधावरचं कणीस म्हणाले का गं ते?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "तुझ्या बापाचं आता तूच बघ."

पण मनाला लागलं म्हणूनच माणूस सुधारतो. आता तुमच्या म्हणण्याप्रमाणे जुना बटाटा आणला आहे. सगळे तुकडे एकसारखे कापायचे, गार पाण्यात ठेवायचे, मग धोतराच्या फडक्यावर कोरडे करायचे. आधी मंद आचेवर तळून काढायचे आणि गार झाले की पुन्हा कडकडीत तेलात टाकायचे. मेसमध्ये घाईघाईत एकदाच तळत असत, असं ते म्हणतात. घरी त्यांनी करून बघितले. चार दिवस आम्ही दोघं भाजीऐवजी चिप्सच खातो आहोत, शेजारच्या छबूबाईंच्या पोरांना वाटले, मांजरालाही घातले. आबा, मिठाचं तेवढं सांगा. गरम असताना टाकायचं की गार झाल्यावर?

कवळी बसली की त्याच दिवशी या. सॉस देऊ नको म्हणून सांगितलं आहे.

विजयमाला

---

माळवाडी,
१९ डिसेंबर १९७३

चि. सौ. विजूला आशीर्वाद.

सोमवारी कवळी बसली. तुझी आय माझ्याकडं बघून पदरात तोंड घालून हसली, म्हनली, लग्नात सुद्धा इतकं पांढरं दात नव्हतं तुमचं. बोलताना शिट्टी वाजती, सवय व्हईल.

आता हाटेलाचं. दहा आनं.

दहा म्हंजी लई झालं विजू. एका खेपेत चार आनं चढलेलं रान मी आजवर पाह्यलं न्हाई. समदी एका मापाची. वरनं कुरकुरीत, आत बटाटा भुगा झालेला, नव्या दातांना पहिलं काम हेच मिळालं. मीठ सगळीकडं सारखं. गरम असतानाच टाकलं, व्हय ना? मी लिवनारच हुतो, पन न लिवताच कळलं म्हनायचं. उरलेलं सहा आनं कशाचं ते सांगतो. तेल निथळायच्या आत बशीत घेतलं, तळाचे चार तुकडे तेलकट लागले. घाई झाली असंल कुनाला तरी, बापाला भूक लागली असंल म्हनून.

हात धुवायला मागल्या मोरीकडं गेल्तो. तिथं बी जागा स्वच्छ ठेवत्यात, त्याचा अर्धा आना येगळा द्यावा वाटला.

मग तुझ्याकडं आलो. तुला धाप लागली हुती, आन अंगाला तळनाचा वास येत हुता. तू म्हनलीस पापड तळले. बरं.

एक सहज इचारतो. दिवाळीला श्रीगोंद्याच्या मोच्याकडनं तुला लाल पट्ट्याच्या चपला करून दिल्या, त्या बसत्यात का पायाला? चावत न्हाईत ना?

आबा

---

भिंगार,
३ जानेवारी १९७४

तीर्थरूप आबा,

पाया पडते. दहा आणे वाचून यांनी शेठला पेढे वाटायला लावले! शेठना आधी कळेना कशाचे पेढे. मग सगळी गोष्ट ऐकून ते इतके हसले की गल्ल्यावरून उठले. म्हणाले, सासरेबुवांना महिन्यातून एकदा बोलवा, माझं हॉटेल सुधारेल.

चपला छान बसतात, रोज घालते. तुम्हाला मधेच चपला कशा आठवल्या?

धाप लागली होती ती पाण्याच्या नळावरून आले म्हणून. आणि पापडच तळले होते.

आता संक्रांतीला या. त्या दिवशी माझ्याकडे हळदीकुंकू आहे, चाळीतल्या सगळ्या बायका येणार. तुम्ही आधी हॉटेलात खा, मग या. नुसते ओट्यावर बसा. माझा बाप आला आहे एवढं दिसू दे सगळ्यांना. दहाचे चौदा करणार असं हे म्हणतात. तेल निथळायला जाळीचं ताट आणलं आहे.

विजयमाला

---

माळवाडी,
१८ जानेवारी १९७४

चि. सौ. विजूला आशीर्वाद.

चौदा आनं. तेलाचा टिपूस न्हाई, बोट मोडलं की कट्ट वाजतंय. चौदाच्या वर माझ्या हातनं आजवर कुठल्या रानाला गेलेलं न्हाई.

हळदीकुंकवाला तुझ्याकडं लई बाया आल्त्या. गलबल्यात बोलता आलं न्हाई. मी लवकर निघालो, यष्टी चुकली असती.

कवळी डावीकडं घासती. डाक्टर म्हनला अजून बसवावी लागंल. पुढल्या महिन्यात येतो.

आबा

---

भिंगार,
११ फेब्रुवारी १९७४

तीर्थरूप आबा,

पाया पडते.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते, रागावलात तर रागवा.

बुधवारी तुम्ही पुन्हा आलात. कवळी घासते म्हणालात. मला वाटलं, डॉक्टर तुम्हाला खेडवळ समजून नुसते हेलपाटे घालायला लावतो. म्हणून मी यांना भांडायला पाठवलं. हे तावातावानं गेले आणि गरीब गायीसारखे परत आले. डॉक्टर म्हणाले, "आबासाहेबांची कवळी? ती डिसेंबरातच झाली. तेव्हापासून ते माझ्याकडे आलेलेच नाहीत."

आबा, संक्रांतीला तर मीच बोलावलं होतं. मग बुधवारी कुठं आला होतात? श्रीगोंद्याहून इतका प्रवास माणूस उगाच करत नाही. दुसरा कोणता डॉक्टर आहे का? काय दुखतंय? पोटात काही आहे का? आईला माहीत आहे का? तीन रात्री माझ्या डोळ्याला डोळा नाही. काय असेल ते मला सांगा, मी लहान नाही.

तुम्ही माझ्यापासून लपवलंत म्हणून मी चिडले, आणि मग माझीच मला लाज वाटली. कारण मीही लपवलं आहे. डिसेंबरापासून तुम्ही गुलबहारमध्ये जे खाल्लंत ते यांनी केलेलं नव्हतं, मी केलेलं होतं. "तुझ्या बापाचं तूच बघ" असं ते म्हणाले, तेव्हा मी म्हटलं, बघतेच. शेठना विचारलं, मागच्या दारानं जायचे, बटाटे कापायचे, तळायचे आणि तुम्ही पोचायच्या आत टांग्यानं घर गाठायचे. तुम्ही अट घातली होती आणि मी ती दुसऱ्याच खेपेला मोडली. तुम्हाला लेकीच्या हातचं खायला घातलं, न सांगता. तुमचा नेम मी बाटवला. शिव्या द्यायच्या तर द्या. पण आबा, दाराच्या फटीतून तुम्हाला खाताना बघितलं ना, तेव्हा नऊ वर्षांत पहिल्यांदा मला माहेर असल्यासारखं वाटलं.

आणि आता खरं ते बोलते.

संक्रांतीला चाळीतल्या सगळ्या बायका ओट्यावर होत्या. मी तुमच्या हातावर तिळाची वडी ठेवली. तुम्ही ती कोपरीच्या खिशात टाकलीत आणि फिरकीचं झाकण उघडून आपलं पाणी प्यालात. छबूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अजून पाणी चालत नाही वाटतं तुमच्या आबांना?" सगळ्या जणी माझ्या पोटाकडे बघत होत्या. मी हळदीकुंकवाचं तबक घेऊन आत गेले ती बराच वेळ बाहेर आले नाही. तुम्ही म्हणता एसटी चुकली असती.

सासू मला कधी टोचून बोलली नाही. हे तर नाहीच. गावात काय बोलतात ते मला ऐकू येत नाही. पण तुम्ही ओट्यावर बसून ती फिरकी उघडता ना आबा, तेव्हा सगळ्या चाळीला कळतं की ह्या घरात मूल नाही. दर खेपेला कळतं. दारावर पाटी लावल्यासारखं. मला मूल नाही ही काय माझी चूक आहे? तुमच्या दृष्टीनं मी अर्धवटच आहे का? तसं असेल तर तसं सांगा. आणि तसं नसेल तर ती फिरकी माझ्या दारात पुन्हा आणू नका. उपाशी आलात तरी चालेल, फिरकी नको.

फार बोलले. तब्येतीचं आधी कळवा. उलट टपाली कळवा.

तुमची,
विजयमाला

---

माळवाडी,
१८ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. विजूला आबाचा आशीर्वाद.

आधी तब्येतीचं. मला काय बी झालं न्हाई. बैलासारखा हाय. कालच विहिरीचा गाळ काढाय उतरलो हुतो, तुझी आय वरनं शिव्या घालीत हुती. तवा रातीची झोप घे.

डाक्टरचं खरं हाय. डिसेंबरातच कवळी झाली आन पहिल्या दिसापासनं नीट बसली. घासत बिसत काय न्हाई. जावईबुवांना त्यांच्याकडं जावं लागलं, त्याची माफी मागतो.

आता चपलांचं सांगतो. मोरीकडं हात धुवाय गेलो तर मागल्या दाराला लाल पट्ट्याच्या चपला. मी मोच्याच्या शेजारी बसून करून घेतलेल्या, मला कळनार न्हाईत व्हय? दार अर्धं उघडं हुतं. आत तू खाली बसली हुतीस, पदर खोचलेला, कपाळाचा घाम मनगटानं पुसत. आन दुसऱ्या फटीतनं माझ्या रिकाम्या खुर्चीकडं बघत हुतीस. म्हातारा कुठं गेला म्हनून. म्हातारा तुझ्या पाठीमागंच हुभा हुता. विजू, चौथीत असताना तू भाकरी थापायला बसायचीस तवा अशीच बसायचीस, एक गुडघा वर करून.

मला तिथनं निघून जाता आलं असतं. नेम मोडला म्हनून वरडता आलं असतं. मी गुमान जाऊन खुर्चीवर बसलो आन बशीत चार तुकडे उरले हुते तेवढे बी खाल्ले. तवा तू बाटवलं असं मनात आनू नको. त्या दिसापासनं मी जानूनबुजून खाल्लं. संक्रांतीला बी, आन बुधवारी बी. खाऊन झालं की माळीवाड्याच्या इस्टँडवर उगाच तंबाखू मळत बसायचो, तुझा टांगा आधी भिंगारला पोचावा म्हनून.

तू इचारशील, चौदाच आनं का दिलं? तुझ्या हातात काय कमी हुतं? काय बी कमी नव्हतं. आनेवारीचं एक सांगतो, सोळा आनं लिवलं की त्या शिवारात परत कुनी बघायला येत न्हाई. पिकलं, संपलं. दात झाले हुते, नगरला यायाला दुसरं निमित्त उरलं नव्हतं. दोन आनं हातात राखून ठेवलं म्हंजी म्हातारा परत येऊ शकतो, एवढाच माझा हिसाब.

आन आता फिरकीचं. हे लिवायला मला दोन दिस लागले.

तुझं पत्र मीच वाचलं, मग तुझ्या आयला वाचून दाखवलं. ती कधी न्हाई ती मोठ्यानं बोलली. म्हनली, "इतकी वर्सं तुमच्या नेमापायी मी पोटच्या पोरीच्या घरनं तहानेली परत आले. मी कधी काय म्हनले का? आता म्हनते."

विजू, तू लिवलंस की मी तुझ्या दारावर पाटी लावतो. मला वाटत हुतं मी उलटं करतोय. माझं असं हुतं की, मी जवर तुझ्या घरचं पानी पीत न्हाई तवर माझी आशा हाय. पंगतीत कुनासाठी पाट मांडून ठेवावा तशी मी ती जागा धरून बसलो हुतो. तुझ्या दारात फिरकी उघडताना दर खेपेला मनात म्हनायचो, पुढल्या साली हिच्याच तांब्यानं पिईन. आन जर आज पिलो, तर तू म्हनशील आबानं सुद्धा सोडून दिलं. ह्या भ्यानं मी पीत नव्हतो. तुला त्यात असं दिसत असंल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. बांधावर हुभं राहून दुसऱ्याच्या रानाचं आनं सांगायची सवय, पन स्वतःच्या लेकीच्या तोंडाकडं नीट बघितलं न्हाई. तू आत गेलीस तवा मला वाटलं चा ठेवायला गेली.

तू अर्धवट न्हाईस. हे मी कागदावर लिवून देतो, हवं तर तलाठ्याचा शिक्का मारून देतो. तुला पोर झालं तर मी गावजेवान घालीन. न्हाई झालं तर न्हाई. तू माझी लेक हायेस आन त्याला मूल लागत न्हाई.

पुंजाराम गुरवाला सांगितलं मी नेम सोडतोय. तो वाद घालाय लागला. मी म्हनलं, तुला लेक हाय का? न्हाई. मग गप बस.

तिळाची वडी तुझ्या आयला द्यायला म्हनून खिशात टाकली हुती असं मी तिला सांगितलं हुतं. खोटं हाय. दिलीच न्हाई. ती कोपरी म्या धुवायला बी टाकली न्हाई. आज हे पत्र लिवायला बसायच्या आधी खिशातनं वडी काढली. दगडागत झाली हुती, पन नव्या दातांनी फोडली. तुझ्या घरात केलेलं, तुझ्या हातचं, मी उंबऱ्यावर बसून खाल्लं. तुझ्या आयनं बी अर्धी मागितली. तिला दिली.

सोळा आनं.

येत्या रविवारी आमी दोघं येतो. हाटेलात न्हाई, नीट तुझ्या घरी. जावईबुवांना म्हनावं सुट्टी काढा, त्यांच्या हातचं बी एकदा नीट खायाचं हाय, सहा आन्याचा हिसाब मिटवू. छबूबाईला बी बोलाव, माझ्या शेजारी बसव. त्या साईचा भात कर, आन तुझ्या आयला त्या काड्या दाखव, ती रोज इचारती बटाट्याला बोटं कशी फुटत्यात.

फिरकी मी खुंटीला टांगून येतोय. उन्हाची यष्टी हाय, दोघांना बी तहान लागंल. तवा आल्याबरोबर पानी दे.

आबा